चाळिसावं ताट

फोन आला तेव्हा मी इतवारी बाजारात होते. यादीत अकरा कामं होती, त्यातली चार झाली होती. शेजारच्या काकू एवढंच म्हणाल्या, "मुकुंदले दवाखान्यात नेलं, तू सरळ तिकडंच ये." मी पोचले तोवर सगळं आटोपलं होतं… ती यादी अजून पर्समध्ये आहे. उरलेल्या सात कामांचं काय करायचं, मला ठरवता येत नाही.

मुकुंद माझा धाकटा भाऊ. लकडगंजातल्या आमच्या घरी वरच्या खोलीत राहायचा आणि तिथूनच काम करायचा. कसलं काम, हे कुणी विचारलं की मी अडखळायची. संगणकाच्या अगदी आतल्या गाभ्यात नेटवर्क सांभाळणारा एक भाग असतो, तो कमीत कमी मेमरीत कसा मावेल हे तो बघायचा. शेतातल्या मोटारीवर बसवायची यंत्रं इवलीशी, त्यांच्यात एवढी जागाच नसते म्हणे. मी मान हलवायची. एकदा दिवाळीच्या साफसफाईत मी स्टीलची ताटं पुसत होते, मोजून चाळीस. तो दारात उभा राहून चिडवायला लागला.

"काहून वं ताई, एवढं कोण येऊन राहिलं?"

"येतील कधीतरी."

"हेच तर! नेटवर्कही असंच, कोणी येवो न येवो, आधीच ताटं मांडून बसते. मी म्हणतो, पाहुणा दारात आला की ताट काढा. अन् गेला की उचला. एकेक ताट उचलायचं राहत गेलं, तर सारं घर भरून जाते."

त्या दिवशी कळल्यासारखं वाटलं होतं. आता नक्की काय कळलं होतं, आठवत नाही.

तेरवीला ताटं काढली तर एकोणचाळीस निघाली. तीनदा मोजली. घरातला माणूस गेला आणि मी ताट शोधतेय, हे माझं मलाच चमत्कारिक वाटलं, पण मोजणं थांबेना.

पुढे नऊ दिवसांनी त्याची खोली आवरायला घेतली. गादी, कपडे, पुस्तकं, वायरी, सगळ्याची यादी केली. टेबलावर एक काळी डबी होती आणि तिच्याखाली माझं ताट! मी डबी उचलली, वायर निघाली, तिच्यावरचा दिवा विझला. ताट घासून फडताळात ठेवलं. चाळीस. बरं वाटलं.

संध्याकाळी पुण्याहून श्रुतीचा फोन आला. ती मुकुंदच्या सोबत काम करायची. तिनं चाचरत विचारलं, ती डबी चालू आहे ना? नेटवर्कच्या त्या भागात त्यानं केलेला शेवटचा बदल तिच्यात चालू होता. डबी दिवसभर जोडण्या घेते आणि सोडते. रोज सकाळी उरलेली मेमरी तेवढीच राहिली, म्हणजे प्रत्येक ताट उचललं गेलं. महिनाभर असं चालवून दाखवलं तरच तो भाग सांभाळणारे लोक त्याचा बदल त्याच्या नावानं स्वीकारणार होते. तो गेल्यावरही ती एकटी चालू होती. चार दिवस राहिले होते.

मी सांगितलं, मीच बंद केली.

"परत लावा, ताई. पहिल्या दिवसापासून मोजू. रोज सकाळी डबीच्या पडद्यावरचा उरलेल्या मेमरीचा आकडा कळवा. आणि खाली ताट असू द्या, ती तापते." मग हळूच म्हणाली, "त्यांनी मला सांगितलं होतं, ताईचं एक ताट उचललंय, तिले सांगू नको."

हसावं की रडावं, कळेना. ताट परत वर नेलं.

डबी परत लावल्याचा आज अकरावा दिवस. सकाळी आकडा लिहून घेतला, पहिल्या दिवशी होता तोच. काहीच बदललं नाही याचा आनंद कसा मानायचा, मला अजून जमत नाही… पण खाली येऊन फडताळाच्या दारावर चिकटवलेली भांड्यांची यादी तेवढी दुरुस्त केली. ताटं एकोणचाळीस. एक वर, मुकुंदकडे.