वरचे माझ्याकडे

नोव्हेंबरमधला चौथा शनिवार. मंजूर रक्कम एक लाख वीस हजार. मार्केट यार्डाजवळच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात हजर तिघे: मी, आमच्या कंपनीतली सुगंधा वानखडे आणि दुकानदार कुंभार. टेबलावर एक ऑल-इन-वन पालथा घातलेला, मागचं झाकण उघडं.

ऑल-इन-वन म्हणजे ज्याला वेगळा डबा नसतो तो कॉम्प्युटर. सगळं स्क्रीनच्या पाठीत बसवलेलं. आमची अकरा माणसांची कंपनी मुलांसाठी गेम बनवते. ग्राहकाच्या गावी एकटीने जाऊन गेम चालवून दाखवणं हे सुगंधाचं काम. त्यामुळे उचलून नेता येईल असंच मशीन हवं होतं. जुनं मशीन कोल्हापूरच्या डेमोत अडकलं होतं. गेममधल्या माकडाचा हात हवेत राहिला तो राहिलाच. त्याच ग्राहकाने डिसेंबरात नागपूरला शेवटची संधी दिली होती.

मी खरेदी बघतो आणि हजेरीही माझ्याचकडे. साहेबांनी दोन अटी घातल्या. रकमेच्या वर रुपयाही नाही, आणि मशीन अपग्रेडेबल हवं. म्हणजे पुढच्या वर्षी गेम जड झाला तर एखादा भाग बदलून भागलं पाहिजे.

आधी मी तीन दुकानं फिरलो. तिन्हीकडे माहितीपत्रकावर ‘अपग्रेडेबल’ लिहिलेलं होतं.

“ग्राफिक्स कार्ड बदलता येतं?” मी विचारायचो. गेमची चित्रं भराभर रंगवतो तो हा भाग. गेमिंगचं निम्मं काम त्याचंच.

“सर, रॅम वाढवता येते.”

“मी कार्डाचं विचारलं.”

“कार्ड बोर्डावरच असतं ना सर. पण रॅम वाढवता येते!”

तिसऱ्या दुकानात तर अपग्रेड म्हणजे जुनं मशीन परत देऊन नवं घेणं, असा खुलासा मिळाला. त्याला आमच्या लहानपणी मोडीत देणं म्हणत.

मग सुगंधाने कुंभारांचं कोटेशन आणलं. हे मशीन सुटे भाग आणून जोडलेलं, पाठीत छोटं कार्ड बसेल अशी जागा असलेलं. किंमत बरोबर एक लाख वीस हजार. कोटेशन मंजुरीच्या आकड्यावर नेमकं येऊन बसलं की मी चष्मा पुसून घेतो. बाहेरच्या माणसाला आमची मंजुरी कळलीच कशी?

म्हणून मी स्वतः दुकानात गेलो आणि झाकण उघडायला लावलं. कार्ड खरंच वेगळं होतं, दोन स्क्रूंवर बसवलेलं.

“काढून दाखवा.”

“काका, मशीन घ्यायचंय की पोस्टमॉर्टेम करायचंय?” कुंभार म्हणाले. पण दाखवलं काढून.

“यादी कोणी दिली?”

“मॅडमनीच.” सुगंधा पलीकडे कीबोर्ड बघत होती; त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. भागांची यादी होती. तिच्याखाली सुगंधाचा मेसेज: ‘बिल एक लाख वीसचंच करा. वरचे माझ्याकडे.’

खरेदीत माझी सव्वीस वर्षं गेली. ‘वरचे’ या शब्दाचा आमच्या खात्यात एकच अर्थ आहे. मी बाहेर फुटपाथवर गेलो आणि साहेबांना फोन केला.

“कमिशनचा प्रकार दिसतोय. सुगंधा वानखडे.”

“खात्री आहे?”

“मेसेज वाचला.”

“मग सोमवारपासून येऊ नका म्हणून सांगा तिला. नागपूरचं मी बघतो.”

आत आलो. पुरावा कागदावर हवा, म्हणून कुंभारांकडून एकेका भागाची टॅक्ससकट किंमत लिहून घेतली. बेरीज एक लाख दहाच्या आसपास येईल आणि वरचे दहा हजार उघडे पडतील, असा माझा हिशेब.

बेरीज आली एक लाख चौतीस हजार सहाशे.

पुन्हा केली. तीच आली. मग वाटलं, भाग जुने असणार. खोक्यांवरचे नंबर भागांवरच्या नंबरांशी ताडून पाहिले. सगळे जुळले. दोन भागांचे भाव दुसऱ्या दुकानांना फोन करून विचारले. शेदोनशेचा फरक. मग हा माणूस साडेचौदा हजार तोटा खाऊन मशीन का विकतोय?

एरवी मी तिला नावाने हाक मारतो. तेव्हा म्हणालो, “वानखडे मॅडम, ‘वरचे माझ्याकडे’ म्हणजे काय?”

ती कुंभारांकडे रागाने बघून म्हणाली, “दाखवलंत ना शेवटी?” मग माझ्याकडे वळली. “म्हणजे एक लाख वीसच्या वरचे मी भरणार. पाच हजार दिलेत, बाकीचे पगारावर.”

“तू का भरणार?”

“कोल्हापूरला माकड अडकलं तेव्हा तिथे कोण उभं होतं? साहेब, की तुम्ही? चाळीस पोरं हसत होती काका, आणि ग्राहक विचारतो, पुण्याहून हेच आणलंत का? नागपूरला परत तसं झालं तर काम जाईल आणि पहिली मी जाईन.”

“मला विचारायचं.”

“तुम्ही चौथं कोटेशन मागितलं असतं.”

“मागितलंच असतं.”

“मग?” आणि तिनेच विचारलं, “तुम्हाला काय वाटलं, वरचे म्हणजे?”

मी बेरजेचा कागद घडी घालू लागलो. तिला काय ते कळलं. कुंभार स्क्रू पुसत बसले.

तिचंही चुकलंच होतं. किमतीपेक्षा कमी बिल केलं तर एखादा भाग बिलाबाहेर राहतो. जो भाग बिलात नाही तो दुकानदाराच्या लेखी विकलेलाच नाही, म्हणजे त्याला वॉरंटी नाही. हे तिला मी नंतर सांगितलं. पण आधी दुसरा फोन करायचा होता आणि तो मी तिच्यासमोरच केला.

“साहेब, मघाचं चुकलं. ती पैसे घेत नव्हती, स्वतःचे घालत होती.”

“तुम्ही तर मेसेज वाचलाय म्हणालात.”

“वाचला. बेरीज नंतर केली.”

मग मी आकडे सांगितले. चौदा हजार सहाशे आत्ता, नाहीतर पुढच्या वर्षी अख्खं मशीन नवं. साहेब म्हणाले, “पूर्ण बिल घ्या. आणि सोमवारी तिला यायला सांगा.”

“साहेब काय म्हणत होते मघाशी?” सुगंधाने विचारलं. मी सांगितलं. ती वळून मशीनचं झाकण लावू लागली. मग म्हणाली, “सोमवारी येते. पण उशिरा येणार, आणि तुम्ही हजेरीत लिहायचं नाही.” मी लिहिलं नाही. सव्वीस वर्षांत ती एकच नोंद मी सोडली आहे.

नागपूरचं काम मिळालं. यातून मी एवढंच शिकलो की फोन बेरजेनंतर करावा.

कुंभारांना कंपनीच्या खात्यातून एक लाख एकोणतीस हजार सहाशे दिले. सुगंधाने भरलेले पाच हजार तिला परत दिले. वरचे कोणाकडेच राहिले नाहीत.