खालच्या वस्तीचा चहा

सरपंच मारुतराव अण्णांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात प्रत्येकाने त्यांचे उपकार सांगायचे आहेत, हे मला मान्य आहे. पण त्याआधी त्यांनी माझ्यावर केलेला एक अन्याय समाजापुढे मांडणे मी माझे कर्तव्य समजतो. स्वतंत्र भारतात राहणाऱ्या एका प्रौढ, विवाहित आणि बऱ्यापैकी अब्रूदार गृहस्थाला स्वतःच्या दाढीचे पाणी स्वतःच्या खिडकीतून बाहेर फेकता येत नाही. एका गालावर वाळत चाललेला साबण, खांद्यावर पंचा आणि दोन्ही हातांत वाडगा अशा थाटात मला रोज सकाळी परसदारच्या अळवापर्यंत चालत जावे लागते. शेजारच्या बायका तोंडाला पदर लावतात. लोकशाहीत माणसाने किती सोसावे याला काही मर्यादा असावी.

या अन्यायातूनच अण्णांचा आणि माझा परिचय झाला. चिंचवडच्या अलीकडे नव्या कारखान्याचे बांधकाम सुरू झाले तेव्हा तिथे भांडारावर कारकून म्हणून मी साताऱ्याकडून आलो आणि अण्णांच्या वाडीत ओढ्याला लागून एक खोली भाड्याने घेतली. पहिल्याच सकाळी दाढी आटोपली, खिडकी उघडली आणि वाडगा रिकामा केला. खालून आवाज आला, "भाऊसाहेब, ह्यो ओढा हाय."

वाकून पाहिले, तर पागोट्यावर माझ्या साबणाचा फेस घेऊन एक गृहस्थ शांतपणे उभे होते. चेहऱ्यावर राग नाही, हातात काठी नाही. मला वाटले, हा माणूस मला ओढ्याची माहिती देतो आहे. मी म्हणालो, "हो, दिसतोय." त्यावर ते वर आले, ओट्यावर बसले आणि त्यांनी मला पंचायतीचा नियम समजावून सांगितला.

तो नियम बाहेरगावच्या वाचकांना ठाऊक नसेल. आमचा ओढा वाडीच्या वरच्या अंगाने येतो, वाडीला वळसा घालतो आणि खाली जिथे पसरतो तिथे बांधकामावरच्या मजुरांची वस्ती आहे. सोलापूर-नगरकडची माणसे. त्यांना विहीर नाही. ओढ्याच्या वाळूत हातभर खड्डा करायचा, त्यात झिरपलेले पाणी वाटीवाटीने घागरीत भरायचे. असा झिरा हाच त्यांचा नळ. म्हणून ओढ्यात कुणी खरकटे, साबण किंवा जनावर घालायचे नाही, असा ठराव अण्णांनी पंचायतीत केला. आधी त्याला रोख दंड होता. पण दंड भरून लोक अशा रुबाबात फिरू लागले की जणू ओढाच विकत घेतला. अण्णांनी तो दंड रद्द केला. म्हणाले, "पैसं भरलं की मानूस मोकळा हुतो. ओढा न्हाई हुत."

त्याऐवजी शिक्षा ठरली ती चहाची. ज्याने ओढा नासवला त्याने त्याच दिवशी खालच्या वस्तीत जायचे, तिथल्या झिऱ्याच्या पाण्याचा एक कप चहा मागायचा आणि सगळ्यांसमोर संपवायचा. गुन्हेगाराच्या शेजारी बसून अण्णांनीही एक कप घ्यायचा, कारण नियम करणाऱ्याने पंगतीबाहेर राहू नये असे त्यांचे मत. मला ही पद्धत फार हास्यास्पद वाटली. नंतर ती किती गुणकारी आहे हे कळले आणि मग तर ती फारच हास्यास्पद वाटू लागली.

त्या सकाळी मी अण्णांना सांगितले की माझ्या पोटाला चहा चालत नाही. हे सांगताना माझा अर्धा प्यालेला चहा खिडकीत वाफाळत होता. अण्णांनी त्याच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "मग पोट बरं झाल्यावर या." तेव्हापासून आजतागायत, रस्त्यात, पंचायतीत, लग्नात, मयताला, जिथे भेट होईल तिथे ते माझ्या पोटाची चौकशी करतात. माझ्या सख्ख्या आईनेही एवढी केली नसेल.

अण्णांचे मन किती मोठे आहे, याचा पुरावा लगेच मिळाला. पुढच्याच रविवारी ते कुदळ घेऊन दारात हजर. माझी पत्नी गावाहून यायची होती. बाईमाणसाने सांडपाणी कुठे टाकावे याची काळजी मला नव्हती, त्यांना होती. दुपारपर्यंत त्यांनी परसात खड्डा खणला, तळाशी विटांचे तुकडे भरले आणि कडेने अळू लावले. मी सावलीत उभा राहून त्यांना कुदळ धरण्याविषयी सूचना दिल्या. ते अळू आज एवढे माजले आहे की गल्लीभर वाटतो. मी मात्र त्याचे फदफदे खात नाही. ते माझ्या दाढीवर पोसलेले आहे, हे मला विसरता येत नाही.

पण अण्णांची खरी कसोटी लागली ती त्यांच्या लेकीच्या, सुशीलेच्या लग्नात, आणि त्या प्रसंगाचा मी साक्षीदार आहे.

वरपक्ष महाळुंग्याचा. वरबाप दौलतराव पाटील म्हणजे मोठे प्रस्थ. मिशा अशा, की माणसाआधी त्या उंबरा ओलांडत. वऱ्हाड सकाळी बैलगाड्यांनी आले आणि ओढ्याच्या वरच्या अंगाला आंबराईत उतरले. लग्न गोरज मुहूर्तावर होते. महाळुंग्याहून येईतो खिलारी बैलांवर वाटेची धूळ बसलेली, आणि धुळीचे बैल वरातीत नेणे म्हणजे पाटलांच्या लेखी स्वतः उघडे फिरण्यासारखे. त्यांच्या गड्यांनी सगळे बैल वरच्या डोहात घातले आणि साबण लावून, घासून, शिंगांचा जुना रंग खरवडून आरशासारखे लख्ख केले. दिवस उन्हाळ्याचे, ओढ्याला करंगळीएवढी धार. दुपारी खालच्या वस्तीतल्या गोदामावशी मांडवात आल्या, गढूळ पाण्याने भरलेली एक घागर त्यांनी अण्णांच्या पुढ्यात ठेवली आणि आल्या वाटेने निघून गेल्या.

मांडवात कुजबुज सुरू झाली. अण्णांचे धाकटे भाऊ म्हणाले की नियम उद्यापासून पुन्हा लावू, आज पाव्हण्यांना ओढा माफ. अण्णांच्या पत्नीने, म्हणजे आमच्या काकूंनी, तर डोळ्यांना पदर लावला. "वरबापाला शिक्षा देनार व्हय? पोरीचं लगीन मोडायचं हाय का तुमास्नी?" गाड्या माघारी वळवायला पाटलांना कुठलेही कारण पुरत असे, हे सगळ्यांना माहीत होते. अण्णा घागरीकडे बघत बसले. मी त्यांना तेव्हा एकदाच घाबरलेले पाहिले. शेवटी हळद लावलेली सुशीला आतून दाराशी आली आणि म्हणाली, "अण्णा, करायचं ते करा, पर बेतानं करा. नांदायचं मला हाय."

अण्णा उठले. त्यांनी वाजंत्री बोलावली, पागोटे सारखे केले आणि मला म्हणाले, "भाऊसाहेब, तुमी शिकल्यालं. संगट चला." आंबराईत जाऊन त्यांनी दौलतरावांना हात जोडून विनंती केली की वाडीच्या खालच्या अंगाला वरबापाला चहाचा मान असतो, तो घ्यायला चलावे. असा मान आमच्या वाडीत त्या क्षणापर्यंत नव्हता. पाटलांनी माझ्याकडे पाहिले. मी गंभीरपणे मान हलवली. साप्ताहिकांत मानधन घेऊन मी पुष्कळ थापा लिहिल्या आहेत. दुसऱ्यासाठी फुकट मारलेली ही पहिलीच.

मान म्हटल्यावर पाटील कशाला थांबतात? पुढे सनई-संबळ, मध्ये मिशा, मागे निम्मे वऱ्हाड, अशी मिरवणूक वस्तीत शिरली. गोदामावशींनी घोंगडी अंथरली. चुलीवर चहा झाला. दोन कप आले, एक पाटलांना, एक अण्णांना. अण्णांनी कप तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली ठेवला. पाटलांनी एक घोट घेतला आणि सनईवाला आपोआप थांबला.

"ह्याला वास कसला हाय?" पाटील म्हणाले.

अण्णा बोलायच्या आतच गोदामावशींनी उत्तर दिले. "तुमच्याच बैलांचा, पाव्हणं. सकाळच्याला वर धुतली न्हवं का?"

सुशीलेचे लग्न ओढ्यातून वाहत चालले आहे, असे मला स्पष्ट दिसू लागले. मग अण्णा हळूच म्हणाले, "पाव्हणं, ह्यांना दुसरं पानी न्हाई. पोरं बी हेच पित्यात. मला शिव्या द्यायच्या तर द्या, पर पोरीवर राग धरू नका."

पाटलांनी अण्णांच्या रिकाम्या कपात डोकावून पाहिले. "तुमी समदा पिलात?"

"पिलो."

पाटलांनी मिशा दोन्ही हातांनी वर केल्या आणि उरलेला चहा एका दमात संपवला. कप घोंगडीवर पालथा घातला. मग म्हणाले, "बैलं खिलारी हायती माझी. चवीला इतकी वंगाळ असतील असं वाटलं न्हवतं."

पहिल्यांदा हसल्या त्या गोदामावशी. मग वस्ती, मग वऱ्हाड. पाटलांचे गडी चकचकीत फेट्यांसकट ओढ्यात उतरले, नवे झिरे खणले आणि ते निवळेपर्यंत लांबच्या मळ्यातल्या अण्णांच्या विहिरीवरून घागरी वाहत राहिले. मुहूर्त मात्र चुकला नाही. दौलतरावांनी पुढे हा मान महाळुंग्यातही सुरू केला. अण्णा लेकीला भेटायला गेले की तिथे त्यांना आधी चहा मिळतो आणि तो पिताना पाटील त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत बसतात.

आता पंचायतीने कारखान्याच्या साहेबांनाही कळवले आहे की गटारे ओढ्यात सोडण्यापूर्वी एकदा चहाला यावे. साहेबांचे उत्तर यायचे आहे. पाणी आधी येते की उत्तर, हे आम्ही रोज ओढ्यावर जाऊन बघतो. अण्णांना मी विचारले, की साहेब आलेच नाहीत तर? ते म्हणाले, मग किटली घेऊन आपण जाऊ.

अण्णांना उदंड आयुष्य लाभो, असे म्हणताना माझ्या डोळ्यांपुढे त्यांनी आजवर परक्यांच्या चुकांपायी रिचवलेला चहा येतो. एवढे पोटात घालूनही जो माणूस साठीला कुदळ चालवतो, त्याची प्रकृती माझ्या शुभेच्छांवर अवलंबून नाही. तरीही मागतो: त्यांचे गुडघे आणि दात शाबूत राहोत, सुशीलेची मुले त्यांच्या अंगाखांद्यावर खेळोत, आणि दर वर्षी त्यांच्या वाट्याला असे कप कमी कमी येवोत.

हे शेवटचे वाक्य लिहून मी लेखणी ठेवली आणि खालच्या वस्तीत गेलो. गोदामावशींनी विचारले, "भाऊसाहेब, आज काय केलंत?" मी म्हणालो, आजचे नाही, जुने आहे. त्यांनी घागर उचलली, झिऱ्यावरून पाणी आणले, चूल पेटवली आणि नियमाप्रमाणे दोन कप पुढे ठेवले.

अण्णांच्या वाट्याचाही मीच प्यालो.