मॅडमचं दुखण्याचं लेक्चर

"आधी चोळ, मग बोल." कुणाचं कोपर टेबलाला लागलं की मॅडम एवढंच म्हणायच्या, आणि समोरच्यानं हात हलवायच्या आत स्वतःच चोळायला लागायच्या. आमच्या मेडिकल कॉलेजच्या प्राचार्यांचं कोपरही त्यांनी भर मीटिंगमध्ये चोळून दिलेलं मी पाहिलंय. आता बोला!

त्या फिजिओलॉजी शिकवायच्या, मी त्यांच्या हाताखालचा लेक्चरर. तुम्हालाही असं एखादं माणूस भेटलं असेल, ज्याच्या हट्टापुढं सगळं डिपार्टमेंट हात टेकतं. मॅडमचा हट्ट एकच होता. दुखण्याचा धडा त्या दुसऱ्या कुणाला शिकवू देत नसत.

त्या धड्याच्या दिवशी दोन बाकांमध्ये हातभर फट ठेवायच्या. अलीकडचं पोरगं म्हणजे कातडीकडून पाठीच्या कण्यात आलेली पेशी, पलीकडचं म्हणजे मेंदूकडं निरोप नेणारी. पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात, म्हणून अलीकडच्यानं फटीवरून शेंगदाणे फेकायचे. पलीकडच्याची ओंजळ भरली तरच त्यानं 'दुखलं' म्हणायचं. शेजारी एक राखणदार पेशी असायची. ती फेकणाऱ्याचा हात धरायची, झेलणाऱ्याची ओंजळ झाकायची. चोळलं की हा राखणदार जागा होतो, म्हणून बरं वाटतं. पोरं लई खूश, निम्मे दाणे पोटातच जायचे. शेवटी मॅडम गंभीर व्हायच्या. "पेशंट दुखतंय म्हणाला, की दुखतंय. मनाचे खेळ म्हणाल, तर माझे विद्यार्थी म्हणून सांगू नका."

गेल्या साली त्यांच्याच बरगडीवर नागीण उठली. फोड वाळले, दुखणं काही गेलं नाही. नुसता पदर घासला तरी आग व्हायची. तपासणारा त्यांचाच जुना विद्यार्थी, आता शहरातला नावाजलेला डॉक्टर. कातडी साफ आहे, रिपोर्ट नॉर्मल आहेत, मन रमवा, असं म्हणाला म्हणे. ऐकून माझं डोकंच फिरलं. मॅडम मात्र एवढंच म्हणाल्या, "पहिल्या बाकावरचा होता रे तो. मग मी इतकी वर्षं शिकवलं काय?"

रिटायरमेंट तोंडावर आली होती, बाई सुट्टीवर होत्या. तरी त्यांनी फोन करून मला बजावलं, की धडा मीच घेणार आणि त्यालाही बोलावलंय. कडक इस्त्रीच्या साडीशिवाय कधी न दिसलेली बाई नवऱ्याचा ढगळ सदरा घालून वर्गात आली. मी खुर्ची पुढं केली, तर पाठ टेकवत नाही म्हणून मागं सारली. अख्खा तास उभ्यानं घेतला.

शेवटी त्यांनी त्या डॉक्टरला उठवलं आणि माझ्या कण्यात काय चाललंय ते सांग म्हणाल्या. त्यानं घडाघडा सांगितलं. नागिणीनं नस दुखावली, राखणदार पेशी ढिल्या पडल्या, आता साधा स्पर्शसुद्धा वेदना होऊन पुढं जातो. एक शब्द चुकला नाही. मॅडम म्हणाल्या, "बरोबर. तेव्हाही तू सगळं बरोबरच सांगायचास." तास संपला. त्यांचा तो शेवटचाच तास. मला वाटलं, पालथ्या घड्यावर पाणी.

आम्ही गेटपाशी पोचलो, तर तो मागून धावत आला. पडेगावला घरी सोडतो म्हणाला, आपल्या गाडीचं दार उघडून उभा राहिला. मॅडम आत बघत राहिल्या.

"नको रे. तुझ्या गाडीत पट्टा लावावा लागतो." त्यांनी बरगडीवरून हात नेला, अंगाला न टेकवता. "तो नेमका इथून जातो."

मॅडमनी रिक्षा थांबवली आणि सदरा दोन बोटांनी अंगापासून लांब धरून आत बसल्या. त्यानं गाडी तिथंच सोडली, रिक्षाला वळसा घालून त्यांच्या न दुखणाऱ्या बाजूला जाऊन बसला आणि पुढं वाकून रिक्षावाल्याला म्हणाला, "चाचा, आहिस्ता लेना. मॅडम को बहुत दर्द है."