नऊ वर्षांचा गार डबा

जर्मनीच्या दक्षिणेला, आल्गॉयच्या डोंगराळ भागातल्या एका गावात केबिनलिफ्टच्या खालच्या स्टेशनाजवळ एक लाकडी बाक आहे. त्या बाकाला कुणाचं नाव द्यायचं ठरलं, तर सुलेखाचंच द्यावं लागेल, कारण सलग नऊ नाताळच्या सुट्ट्या ती त्यावर बसली होती. शेजारी चार पिशव्या, दोन थर्मास, तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा आणि कुणाचे तरी ओले हातमोजे. वर डोंगरात तिचा नवरा सत्यजित, मुलगी ईप्सिता आणि मुलगा ओजस हे तिघं स्कीइंग करत असायचे.

तिला कुणी मज्जाव केला होता असं मुळीच नाही. पहिल्या वर्षी ओजस पाच वर्षांचा होता, थंडीने रडायला लागला, म्हणून त्याच्यापाशी कुणीतरी थांबायला हवं होतं. दुसऱ्या वर्षी ओजस स्की शिकायला गेला, मग सामानापाशी कुणीतरी थांबायला हवं होतं. तिसऱ्या वर्षापासून कुणी विचारलंही नाही. आपल्याकडे घरातली कामं अशीच वाटली जातात, ठराव कधी होत नाही आणि अंमलबजावणी मात्र चोख असते.

वर, डोंगराच्या निम्म्यावर, एक जुनी लाकडी ह्युट्टे, म्हणजे डोंगरातली खानावळ होती. हिवाळ्यात तिथे पायवाट नसे, लिफ्टही तिथे थांबत नसे. वरच्या टोकावरून स्कीवर घसरत आलात तरच तिथलं जेवण तुमच्या नशिबी. तिथलं केझेश्पेट्झले नावाजलेलं होतं. अंडं घालून भिजवलेल्या पिठाच्या जाड, ओबडधोबड शेवया, त्यात तिथल्याच डोंगरातलं उग्र वासाचं चीज आणि वर खरपूस तळलेला कांदा. सगळं लोखंडी तव्यात, तवा तसाच टेबलावर. सुलेखाला मांस चालायचं नाही, अंडं चालायचं, म्हणजे हा पदार्थ जणू तिच्यासाठीच केलेला. दरवर्षी तिघं वर पोटभर जेवत आणि तिच्यासाठी सांगलीहून आणलेल्या घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात तिचा वाटा भरून आणत. खाली येईपर्यंत त्याचा गोळा झालेला असे.

"कसं आहे?" सत्यजित विचारायचा, गालावर थंडीची लाली घेऊन.

"छान!" सुलेखा म्हणायची.

नऊ वर्षं ती छान म्हणत आली. बाई खोटं बोलत होती, पण प्रेमाने बोलत होती, त्यामुळे तिला ते खोटं वाटतही नव्हतं.

एरवी ही बाई मागे राहणाऱ्यांतली नव्हे. सत्यजितच्या नोकरीपायी वोल्फ्सबुर्गला आली तेव्हा तिला जर्मनचं एक अक्षर येत नव्हतं. आज ती ब्राउनश्वाइगच्या एका लॅबमध्ये दातांच्या कॅप घडवते, आणि तिच्या हातची कॅप डॉक्टर परत पाठवत नाहीत. गाडीच्या परीक्षेत दोनदा नापास झाली. तिसऱ्यांदा पास झाली, त्याच दिवशी मुलांना मागे बसवून एकटीने आउटोबानच्या भरधाव हमरस्त्यावर गाडी घातली. मनात घेतलं की ती करतेच. स्कीइंग तिने मनातच घेतलं नव्हतं, इतकंच.

ते घेतलं गेलं दहाव्या वर्षी, पहिल्या संध्याकाळी. भाड्याच्या फ्लॅटमध्ये सुलेखा मुगाची खिचडी वाढत होती. ईप्सिता अठरा वर्षांची झाली होती, शाळा संपवून उन्हाळ्यानंतर दुसऱ्या शहरात शिकायला जायची होती. फोनवर डोंगराचा नकाशा बघत ती म्हणाली, "पुढच्या वर्षी मी असेन की नाही माहीत नाही. आल्झो, तर मग शेवटच्या दिवशी सगळे मिळून ह्युट्टेत जेवायचं. मग आईसाठी डबा भरून आणू."

"गेनाऊ, अगदी बरोबर," ओजस म्हणाला.

"चालेल," सत्यजित म्हणाला.

सुलेखाच्या हातातला डाव तसाच राहिला. सगळे मिळून, आणि आईसाठी डबा. पोरगी वाईट बोलली नव्हती, म्हणून तर ते जास्त लागलं. आपण या 'सगळ्यां'मध्ये नाही आणि हे कुणाला खटकतही नाही, हे तिला त्या क्षणी लख्ख दिसलं. पुढच्या वर्षी हे चौघं एकत्र येतील की नाही कुणास ठाऊक. तिने खिचडीवर तूप घातलं, ओजसला लोणचं दिलं आणि म्हणाली, "शेवटच्या दिवशी मी ह्युट्टेत जेवणार आहे. तव्यातलं. गरम."

"आई, ते फक्त स्कीवर जाता येतं," ओजस समजावत म्हणाला.

"माहीत आहे मला. नऊ वर्षं खाली बसून तेवढं कळलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्कीशाळेत हजर. गटात सहा जण, त्यांत पंचेचाळिशीची ही एकटीच. शिकवायला ट्राउडल नावाची बाई होती, साठी ओलांडलेली, चेहरा उन्हाने रापलेला. "पिझ्झा!" ती ओरडायची. म्हणजे दोन्ही स्कींची टोकं पुढे जवळ आणि मागे लांब, पिझ्झाच्या तुकड्यासारखी. पिझ्झा केला की वेग मरतो. सुलेखाचा पिझ्झा काही केल्या होईना. पहिल्या दिवशी ती एकोणीस वेळा पडली. दुसऱ्या दिवशी मोजायचं सोडलं. संध्याकाळी जिना उतरताना ती कठडा धरून आडवी आडवी उतरायची आणि सत्यजित मागून म्हणायचा, "अगं, कशाला जिवाला त्रास? आपण सुट्टीवर आलोय ना?"

"तुम्ही आलाय सुट्टीवर," ती म्हणायची.

चौथ्या दिवशी पिझ्झा झाला. देखणा नव्हता, पण थांबायला येत होतं. ट्राउडलने विचारलं, "इतकी घाई कशाची?" सुलेखाने ह्युट्टेचं नाव घेतलं. ट्राउडल म्हणाली, "मध्ये एक अरुंद उतार आहे, तिथे सगळे घाबरतात. खाली बघायचं नाही. एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे जायचं, वळायचं, थांबायचं, श्वास घ्यायचा. आणि दोनच्या आत पोच, त्यानंतर स्वयंपाकघर बंद होतं."

शेवटच्या दिवशी चौघं केबिनमधून वर गेले. पिशव्या खाली लॉकरमध्ये ठेवल्या. लॉकर नऊ वर्षं तिथेच होते, बाकापासून दहा पावलांवर, आणि सुलेखा ते रोज बघत होती. वरच्या टोकाला साडेअकरा वाजले होते. समोर निळी वाट, म्हणजे सगळ्यांत सोपी. सुलेखाला ती विहिरीत उतरल्यासारखी दिसली.

"मी तुझ्याबरोबर येतो," सत्यजित म्हणाला.

"नको. तुम्ही जवळ असलात की मी तुमच्याकडेच बघत बसते. तुम्ही पुढे व्हा, मी येते."

"आणि नाही जमलं तर?"

"तर लिफ्ट आहेच खाली जायला. जा तुम्ही."

ते गेले, दर दहा मीटरवर मागे बघत. मग वळणाआड दिसेनासे झाले.

पहिला अर्धा तास बरा गेला. तीन-चार वर्षांची पोरं तिच्या दोन्ही बाजूंनी सुळसुळ निघून जात होती, तिने त्यांना जाऊ दिलं. मग तो अरुंद उतार आला आणि तिने नेमकं नको तेच केलं, खाली बघितलं. पिझ्झा सुटला, ती कुशीवर आपटली आणि एक स्की निसटून पाच मीटर खाली जाऊन थांबली. बसल्या बसल्या सरकत तिने ती गाठली. बूट खाच्यात बसेना. बर्फ खरवडून बसवला, उठली, चार हातांवर पुन्हा पडली. असं चार वेळा झालं. डोळ्यांत पाणी आलं ते दुखण्याने नव्हे, रागाने. फोन काढला तर थंडीने बंद पडलेला. पावणेएक वाजून गेला असणार.

तेवढ्यात डोंगरावरच्या मदतपथकाचा लाल जाकिटातला माणूस बर्फावरची मोटार घेऊन शेजारी थांबला. "लागलंय का? बसा, पाच मिनिटांत खाली सोडतो, थेट स्टेशनापाशी."

थेट स्टेशनापाशी, म्हणजे बाकापाशी. मागची सीट रिकामी होती, सपाट होती, आणि सुलेखाच्या मांड्या थरथरत होत्या. बसावंसं तिला फार वाटलं, हे खोटं कशाला सांगा?

"नाइन, डांके," तिने आभार मानून नको म्हटलं. "मला ह्युट्टेत जेवायचंय."

तो हसला, घड्याळ बघून म्हणाला, "एक वाजलाय. मग लागा कामाला."

ती लागली. या कडेकडून त्या कडेकडे, वळ, थांब, श्वास. दाताच्या कॅपवर कानस फिरवतो तसं, केसभर इकडे, केसभर तिकडे, घाई केली की माल फुकट. खाली तिने पुन्हा बघितलं नाही. तळलेल्या कांद्याचा वास आला तेव्हा तिने मान वर केली. समोर ह्युट्टेचं धूर सोडणारं छप्पर होतं.

दाराशी सत्यजित घाईघाईने बूट आवळत होता. पाठीवर सॅक, चेहरा पांढराफटक. तिला बघून तो मटकन पायरीवरच बसला. "फोन का उचलत नाहीस? वाटलं, लिफ्टने खाली गेलीस. पण खाली पोचलीस की कुठे पडलीयस, काही कळेना. बघायलाच निघालो होतो." ईप्सिता आतून धावत आली आणि आईला मिठी मारून उभी राहिली. ओजस नुसताच "वाऽव, आई" म्हणाला.

"किती वाजले?" सुलेखाने विचारलं.

"दोनला दहा कमी. अगं, दमलीस, बस आधी. तुझं घेऊन ठेवलंय." आणि सत्यजितने सॅकमधून स्टीलचा डबा काढला. बायको डोंगर उतरून दारात उभी, तरी सवयीने डबा भरलेलाच होता.

सुलेखाने डबा हातात घेतला नाही. मग हेल्मेटही न काढता थेट आत काउंटरवर गेली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "एक केझेश्पेट्झले. कांदा जास्त."

तवा आला तेव्हा चीज अजून बुडबुडत होतं. पहिल्या घासाला जीभ भाजली. तिने फुंकर घातली नाही. लांबच लांब तार काट्याबरोबर वर आली, कांदा कुरकुरला, आणि तिने डोळे मिटले. तिघं समोर बसून बघत होती. आयुष्यात पहिल्यांदा तिने कुणालाही "घे ना" म्हटलं नाही.

सत्यजितने डबा उघडला आणि त्यातला घट्ट गोळा चमच्याने फोडून तोंडात टाकला. तो चावत राहिला, बराच वेळ. कांदा मऊ पडला होता आणि चीज मेणासारखं झालं होतं.

"हे असं असतं?" त्याने विचारलं.

"हो," सुलेखा म्हणाली.

"दरवर्षी?"

तिने तव्यातला पुढचा घास उचलला. सत्यजितने डबा पुढ्यात ओढला आणि मान खाली घालून शेवटच्या शेवईपर्यंत संपवला.