गणितातलं घर कोणाचं?

वायरमनच्या घरात किस्से शोधावे लागत नाहीत, ते चालत येतात. ज्याच्या घरी पहिल्यांदा लाईट लागते तो माणूस आधी डोळे मिचकावतो आणि मग काहीतरी बोलून जातो. ते बोललेलं आमचे हे पक्कड-पेचकसाच्या पिशवीतून घरी आणतात आणि हात धुता धुता आम्हाला सांगतात. मग सासूबाई हसतात, शेजारच्या कौसल्याबाई हसतात, आणि माझी भाकरी तव्यावर करपते.

तेव्हा महाराष्ट्र राज्य नवं होतं आणि आमच्या वडनेर भोलजीतले विजेचे खांब त्याहून नवे. यांचा हात चांगला. खामगावच्या एका ठेकेदाराच्या हाताखाली यांनी कित्येक वर्षं काम केलेलं. त्यापायी महिनोन्‌महिने घराबाहेर. आता काम दारात आलं होतं. फक्त स्वतःच्या नावाचा वायरमनचा परवाना हवा होता, आणि त्यासाठी बुलढाण्याला परीक्षा द्यायची होती. परवाना मिळाला तर हे घरी, नाही तर पुन्हा खामगाव. एवढा साधा मामला होता.

पहिल्या खेपेला हे गणितात नापास होऊन आले. प्रश्न असा होता: एका घरात अमुक वॅटचे दिवे आहेत, करंट किती? मी विचारलं, तुम्ही काय लिहिलंत?

"लिवलं ना. घर पाह्यल्याशिवाय सांगता येत नाही."

मी कपाळाला हात लावला. त्याच दिवशी ठरवलं की यांना गणित मी शिकवणार. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली. विजेतलं मला काही येत नव्हतं, पण गुणाकार-भागाकार येत होता!

*

शिकवणीचं पहिलं उदाहरण आयतंच दारात आलं. गुलाबराव पाटलांच्या घरी यांनी नुकतीच, ठेकेदाराच्या परवान्यावर, फिटिंग केली होती. गावातली सर्वांत मोठी, सात दिव्यांची. दुसऱ्या दिवशी सकाळीच गुलाबराव घाईघाईनं आमच्या ओट्यावर आले, अंगात नुसती बंडी.

त्यांनी प्रत्येक बल्बावरचे आकडे वाचले होते. दोनशे तीस व्होल्ट, दोनशे तीस व्होल्ट, असं सातही बल्बांवर. गुलाबराव मोठे शेतकरी. पायलीत पायली मिळवायची सवय. त्यांनी सातही आकड्यांची बेरीज केली आणि ती आली सोळाशे दहा! रात्री त्यांनी सहा बल्ब काढून धान्याच्या कोठीत ठेवले आणि एका दिव्याखाली सगळं घर जेवलं.

हे म्हणाले, "भाऊ, व्होल्टची बेरीज नसते. पाटातलं पाणी पाहा. वाफे सात असले म्हणून पाटाची पातळी सातपट होते काय? पातळी सगळ्याईले एकच. कोणता वाफा किती पाणी पितो, ते वेगळं. ते वॅट."

गुलाबरावांना शेतातलं लगेच कळलं. पण उठता उठता ते थांबले.

"म्हंजे खालच्या आळीले जितके व्होल्ट, तितकेच मले?"

"हाव. सगळ्या गावाले दोनशे तीस."

"पाटील असूनबी?"

*

मी कोळशानं ओट्याच्या फरशीवर दोन सूत्रं लिहून ठेवली. व्होल्टला रेझिस्टन्सनं भागलं की करंट. व्होल्टला करंटनं गुणलं की वॅट. रेझिस्टन्स म्हणजे तारेचा अडथळा, हे यांनीच मला सांगितलं. दुपारी मी डाळ निवडत बसायची, हे समोर बसायचे, आणि मी गणित घालायची. मी "एका घरात" म्हटलं, की लगेच हे विचारायचे, "कोणाच्या?"

मी रडकुंडीला आले. कौसल्याबाई आमच्या गावच्या शाळेत मास्तरीण. आम्ही दोघी एका वयाच्या. त्या म्हणाल्या, "ताई, भाऊले घर पाहिजे ना? मग घर द्या. माह्यंच द्या."

तसं मी घातलं. कौसल्याबाईंच्या घरी चाळीसचे दोन दिवे आणि शंभरचा एक, तर करंट किती? यांनी नुसती मान हलवली.

"शंभरचा नाही त्याईच्याकडे. मीच फिटिंग केली."

"अहो, आहे असं समजा ना."

"समजू कायले? त्या बाई शंभरचा कायले लावतील? वह्या तपासाले चाळीसचा पुरते."

मी तांब्या आपटून आत गेले. सासूबाई म्हणाल्या, पोरगा लहानपणापासून असाच आहे, गोष्ट सांगायला बसलं की राजाचं गाव विचारायचा.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर कौसल्याबाई नांदुऱ्याच्या बाजाराला गेल्या आणि परत आल्या त्या सरळ आमच्या ओट्यावर. हातात कागदात गुंडाळलेला बल्ब, शंभर वॅटचा.

"लावा भाऊ. अन् लावून झाला की उत्तर सांगून जा."

हे बल्ब लावून, हात झटकत आले आणि उभ्या उभ्या बोलले, एकशे ऐंशी भागिले दोनशे तीस, पाऊण अँपिअरच्या थोडं वर. बरोबर! यांचं आयुष्यातलं पहिलं बरोबर उत्तर! कौसल्याबाईंच्या घरी तो शंभरचा दिवा तसाच राहिला, आणि त्यांच्या वर्गातल्या मुलांच्या वह्यांत चुका जास्त सापडायला लागल्या.

*

रेझिस्टन्स मला काही केल्या समजेना. मग यांनी ओट्यावर एका फळीवर दोन होल्डर लावले. एकातून निघालेली तार दुसऱ्यात, म्हणजे करंट आधी एका दिव्यातून जाणार आणि तोच पुढे दुसऱ्यातून. एकात पंचवीसचा बल्ब, दुसऱ्यात शंभरचा. यांनी विचारलं, जास्त कोणता पेटेल?

सासूबाई, कौसल्याबाई आणि मी एकसुरात म्हणालो, शंभरचा. विचारायचं काय त्यात?

यांनी बटण दाबलं. पंचवीसचा छान पेटला, आणि शंभरच्या पोटात नुसती लाल रेघ!

मला राहवेना. कोळसा घेतला आणि फरशीवरच बसले. पंचवीसच्या दिव्याचा रेझिस्टन्स काढला, दोन हजार एकशे सोळा ओहम. शंभरच्याचा पाचशे एकोणतीस. म्हणजे लहान दिव्याचा अडथळा मोठ्याच्या चौपट! दोन्ही मिळवले, करंट काढला, वॅट काढले. ओटा पुरेना म्हणून पायरीवर आले, पायरी पुरेना म्हणून अंगणातल्या दगडावर. शेवटी उत्तर आलं. पंचवीसच्या दिव्याला सोळा वॅट मिळतात आणि शंभरच्याला चार. मी अंगणातूनच ओरडले, "सोळा आणि चार!" रस्त्यानं जाणारा गडी दचकून थांबला.

सासूबाई मघापासून सुपारी कातरत ऐकत होत्या.

"सोळा अन् चार किती झाले?"

"वीस, आई."

"अन् एकटा पंचवीसचा लावला असता त?"

"पंचवीस."

"मंग हा शंभरचा सोबतीले कायले घेतला बे, नारायण?"

यांनी फळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बटण बंद केलं.

*

हिवाळ्यात गव्हाला पाणी द्यायची वेळ आली की संध्याकाळी सगळ्या शिवारातले पंप एकदम सुरू व्हायचे आणि गावातले दिवे पिवळे पडायचे. अशाच एका संध्याकाळी गुलाबरावांच्या सुशीलाला पाहायला पाहुणे आले. नेमकं यांना तातडीचं बोलावणं: दिवा बिघडला आहे, लवकर या. मीही मदतीला म्हणून गेले होते, स्वयंपाकघरात होते.

दिवा बिघडला नव्हता. यांनी मीटर लावून पाहिलं, तर एकशे साठ व्होल्ट. गुलाबरावांनी यांना दाराआड घेतलं आणि दबक्या आवाजात सुनावलं, की आधी सगळ्यांबरोबर दोनशे तीस दिले ते मी ऐकून घेतलं, आता तेवढेही नाहीत?

हे दाराच्या चौकटीला टेकून पुटपुटायला लागले. मला वाटलं, रागानं काही बोलतात की काय. जवळ जाऊन ऐकलं तर गणित! व्होल्ट कमी झाले की करंटही तेवढाच कमी होतो, म्हणून वॅट दुप्पट मार खातात. साठचा दिवा, उरले एकोणतीस. माझ्याकडे वळून म्हणाले, "एकोणतीसच ना?" मी मान डोलावली. इतका आनंद झाला की हातातला चिवडा सांडला. न विचारता, न सांगता, माणसानं आपणहून गणित केलं होतं!

बाहेर पाहुण्यांची कुरकूर सुरू होती. मुलाची आत्या म्हणत होती, उजेडच नाही, मुलगी धड दिसली नाही. गुलाबराव ओशाळून हात चोळत होते. सुशीला पोह्यांचं ताट घेऊन आत आली. आमचं गणित तिनं ऐकलं होतं. ताट खाली ठेवून ती वडिलांना म्हणाली,

"बाबा, साठचा दिवा एकोणतीसवर हाय. मलेबी पोरगा अर्धाच दिसला. उद्या दुपारी या म्हणा त्याईले."

पाहुणे दुसऱ्या दिवशी दुपारी आले. सुशीलानं मुलाला नीट पाहिलं आणि नाही म्हणाली!

*

दुसऱ्या परीक्षेला मी यांच्यासोबत निघाले. एसटीत हे खिडकीशी बसले. घाट लागला तशी मला यांची काळजी वाटली, म्हणून हळू आवाजात एक गणित घातलं. गुलाबरावांच्या घरी पाचशे वॅटची इस्त्री. मागच्या बाकावरचे आजोबा पुढे वाकून म्हणाले, करंट म्हणजे काय बाई? त्यांना सांगितलं. मग पुढच्या बाकावरच्या दोघांना. मग एकानं आपल्या पंपाचं गणित घातलं, दुसऱ्यानं पीठगिरणीचं. मोताळ्याहून चढलेल्या एका वकिलांना त्यांच्या ऑफिसातल्या पंख्याचं उत्तर हवं होतं. यांना घरांवर घरं मिळत होती आणि हे फटाफट उत्तरं देत होते!

बुलढाणा आलं. आम्ही उठलो, तर कंडक्टर दारात आडवा.

"भाऊ, त्या गिरणीचं राह्यलं. सांगा अन् मंग उतरा."

*

परीक्षा एका शाळेत होती. हाताचं काम यांनी केव्हाच उरकलं. राहिला हिशेब, तो या खेपेला तोंडी होता. मी व्हरांड्यात बसले होते, दार उघडं होतं, सगळं ऐकू येत होतं. तपासणारे साहेब बुलढाण्याचेच, चष्मेवाले, कडक. त्यांच्या शर्टाची उजवी बाही कडक इस्त्रीची होती आणि डावी चुरगळलेली.

साहेब म्हणाले, "दोनशे तीस व्होल्ट. एका घरात हजार वॅटची शेगडी आणि साडेचारशेची इस्त्री एकाच वेळी चालू आहेत. करंट किती?"

परत तेच, एका घरात! मी डोळे मिटले. भिंतीला टेकून बसलेले दुसरे उमेदवारही ऐकायला लागले. मला खामगावचा स्टँड दिसायला लागला, आणि यांची पेटी.

"काय अडलं?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, घर कोणाचं?"

उमेदवार हसले. साहेब हसले नाहीत. मग म्हणाले, "माझं समजा."

"समजू, का हाय?"

"आहे."

"मंग शेगडी कोणाची?"

"आईची. सकाळी चहा करते."

"अन् इस्त्री?"

"पत्नीची. त्याच वेळी."

यांचा आवाज मोकळा झाला. "चौदाशे पन्नास भागिले दोनशे तीस. सहा अँपिअर, अन् वर जरासं. तीन दशांश." आणि मग जरा थांबून, "साहेब, फ्यूज पाचाचा हाय काय?"

"हो."

"आज सकाळीबी उडला?"

साहेबांनी डाव्या बाहीकडे पाहिलं. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ते पुढे वाकून इतकं हळू बोलले की मला व्हरांड्यातून मान आत घालावी लागली.

"रोज उडतो हो. आई म्हणते इस्त्रीमुळे, ही म्हणते शेगडीमुळे. तुम्ही सांगा, चूक कोणाची?"

"कोणाचीच नाही, साहेब. शेगडीचे सव्वाचार, इस्त्रीचे दोन. दोघीबी आपापल्या जागी पाचाच्या आत हायत. दोघींले वेगवेगळी लाईन ओढून द्या, वेगवेगळा फ्यूज. मंग चहाबी होते, शर्टबी होते."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. समोरच्या गुणांच्या कागदावर त्यांचं पेन टेकलेलं होतं, पण हलत नव्हतं.

"तुम्ही बुलढाण्यात कामं घेता का?"

"परवाना असला त घेतो, साहेब."