शरयूताई आणि खेळण्यांची बदली

माझे ऱ्हस्व-दीर्घ चुकतात आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. कधी कोणाच्या हातात ही वही पडली, तर तेवढं सांभाळून घ्यावं. शरयूताईंबद्दल दुसरं कोणी लिहील असं वाटत नाही, म्हणून मी बसले आहे.

खेळणं हातात आलं की शरयूताई आधी ते कानाशी धरून हलवायच्या, नारळ बघावा तसं. आत काही सुटं वाजतंय का ते ऐकायच्या. मग बाहुलीचे डोळे ओढून बघायच्या, गाडीची चाकं पिरगळायच्या. टॉयलेट रोलची रिकामी नळी त्यांच्या पर्समध्ये कायम असायची. जो तुकडा त्या नळीतून जाईल तो बाळाच्या घशातही जाईल, हा त्यांचा हिशोब. सगळं ठीक निघालं की म्हणायच्या, "चला, याची बदली झाली."

त्यांचे वडील सरकारी नोकरीत होते. सारखी बदली, आणि दर बदलीला सामान कमी करायचं म्हणून ताईंची खेळणी मागे राहायची. "माझी भातुकली अर्ध्या विदर्भात सांडलीय गं," असं त्या हसत सांगायच्या.

इथे इंग्लंडात, वॉटफर्डला, कम्युनिटी हॉलमध्ये दर शनिवारी सकाळी त्यांचं टेबल असे. मुलं मोठी झालेल्या घरांतून खेळणी यायची, ज्याला हवं ते तो घेऊन जायचा. पैसे नाहीत. शाळेच्या किचनमधून रिटायर झाल्यावर ताईंनी हे सुरू केलं होतं. मी खेळणी धुवायला जायचे. सिंककडे तोंड असलं की कोणाशी बोलावं लागत नाही, मला तेच बरं वाटायचं.

आमच्याबरोबर केतकी असायची. ऑफिसात मोठ्या नोकरीवर, पण शनिवारी मदतीला यायची. एकदा तिनं स्वतःच्या घरून दोन पिशव्या आणल्या. "काकू, पटकन घ्या. आर्यन स्विमिंगला गेलाय."

"मग त्याला घेऊन ये."

"अहो, तो नाही म्हणेल!"

"म्हणू दे. ही खेळणी म्हणजे त्याची माणसं आहेत, तुझी नाहीत. निरोप त्याला देऊ दे."

पिशव्या परत गेल्या. पुढच्या शनिवारी आर्यन आला, एक आगगाडी काखेत ठेवली आणि बाकीचं स्वतः टेबलावर मांडलं.

देणारं मूल समोर हवं, पण घेणाऱ्याला मात्र नाव विचारायचं नाही, हा ताईंचा दुसरा नियम. त्यांच्या शाळेत एक बाई फुकट जेवणाऱ्या मुलांची नावं मोठ्यानं पुकारायची. "ती मुलं उपाशी राहायला लागली मंदा, पण रांगेत येईनात. आपल्याकडे नावगाव नाही. यावं, घ्यावं, जावं."

मग तो बेडकाचा शनिवार आला.

हिरवा प्लास्टिकचा बेडूक होता, पोट दाबलं की गाणं म्हणायचा. त्याचा आवाज बसला होता. ताईंनी मागचं झाकण उघडून नवी बॅटरी घातली, नाण्यासारखी चपटी असते ती. तेवढ्यात कोणीतरी हाक मारली, मग गर्दी झाली, आणि बेडूक एका बाईबरोबर गेला.

दुपारी टेबल आवरताना मला ट्रेमध्ये एक बारीक स्क्रू सापडला. मी तो ताईंच्या तळहातावर ठेवला. त्यांचा चेहरा एकदम उतरला.

"मंदा, हा बेडकाचा. झाकण मी नुसतं दाबून लावलंय." मग हळूच म्हणाल्या, "त्या बाईच्या प्रॅममध्ये बाळ होतं गं. सगळं तोंडात घालायच्या वयाचं. ती बॅटरी गिळली तर आतून जाळते. वेळ नसतो हाताशी."

"नाव काय तिचं?" केतकीनं विचारलं. "नंबर? काहीच नाही? काकू, मी कधीची सांगतेय, एक फॉर्म ठेवा म्हणून!"

ताईंनी स्क्रू मुठीत घट्ट धरला.

मी माणसांच्या तोंडाकडे बघत नाही. माझी नजर खालीच असते. त्या बाईचा चेहरा मला आठवत नव्हता, पण प्रॅमच्या चाकाला गुंडाळलेली निळी चिकटपट्टी आठवत होती. आणि ती पट्टी मी आधीही पाहिली होती, लाँड्रेटला कपडे धुवायला जाताना, स्टेशनमागच्या फ्लॅट्सच्या जिन्याखाली.

"ताई, ती प्रॅम मला माहीत आहे," मी म्हणाले.

केतकी हॉलवर थांबली, बाई परत आलीच तर म्हणून. आम्ही दोघी निघालो. ताई गुडघ्यांच्या मानानं फार भराभर चालत होत्या. प्रॅम जिन्याखालीच होती, रिकामी. पण ताईंना दोन पायऱ्यांच्या वर चढता येईना. कठडा धरून म्हणाल्या, "तू जा."

"मला इंग्रजी..."

"बेबी, फ्रॉग, बॅटरी. तीन शब्द पुरेत. पळ!"

पहिल्या दाराशी एक माणूस "नॉट टुडे, लव्ह" म्हणाला आणि त्यानं दार लावलं. दुसरं उघडलंच नाही. वरच्या मजल्यावर एका दारामागे बाळाचा आवाज येत होता. मी कान देऊन ऐकलं. बेडकाचं गाणं येत नव्हतं. मी दोन्ही हातांनी दार बडवलं.

तिनं उघडलं. मी तीन शब्द म्हटले. तिनं मागे वळून पाहिलं. बाळ चटईवर बसलं होतं, मांडीवर बेडूक उताणा, झाकण बाजूला. बॅटरीची जागा रिकामी होती.

ती किंचाळली ते खाली ताईंना ऐकू गेलं. आम्ही उतरलो तोवर त्यांनी स्टेशनवरची टॅक्सी दाराशी आणून उभी केली होती.

गाडीत त्या बाईनं, तिचं नाव डाना हे पुढे कळलं, बाळाला छातीशी घट्ट धरलं होतं. ती ताईंना इंग्रजीत म्हणाली, आणि ते मलाही कळलं, "तुम्ही प्रत्येक खेळणं कानाशी धरून बघत होता. मी लांबून पाहत होते. म्हणून तर घेतलं."

"चूक माझी आहे," ताई म्हणाल्या.

हॉस्पिटलमध्ये बाळाला एक्स-रेला आत नेलं. ताईंनी पर्समधली नळी बाहेर काढली होती आणि ती दाबून दाबून पार चपटी केली. "नाव विचारलं असतं तर एका फोनचं काम होतं, मंदा," त्या म्हणाल्या. मी त्यांचा हात धरून बसले.

डॉक्टर बाहेर आल्या. पोटात, घशात काही नाही म्हणाल्या. डाना खुर्चीवर बसून बाळाला कपडे घालू लागली, आणि पँटच्या दुमडलेल्या पायातून काहीतरी टिंग करून फरशीवर पडलं. बॅटरी. डाना हसायला लागली आणि हसता हसता रडली. ताईंनी वाकून ती उचलली, पदरात बांधली आणि तशाच भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. टॅक्सीचे जाण्यायेण्याचे पैसे त्यांनी दिले.

पुढच्या शनिवारी केतकीनं फॉर्म छापून आणले. ताईंनी ते उलटे केले, कात्रीनं कापून त्यांची छोटी कार्डं केली आणि प्रत्येकावर स्वतःचा फोन नंबर लिहिला. खेळण्यागणिक एक कार्ड बांधायचं. "त्यांचा पत्ता मला नको. माझा त्यांच्याकडे असू दे. माझं चुकलं तर त्यांना मला धरता आलं पाहिजे." मग माझ्याकडे वळल्या. "आणि मी तपासलेलं तू परत तपासायचं. चुकलं तर तोंडावर सांगायचं. लाजायचं नाही."

त्याच दिवशी डाना बेडूक घेऊन आली. बाळ त्याच्याशिवाय झोपत नव्हतं. ताईंनी तिच्यासमोर स्क्रू पिळून बसवला, मी ओढून बघितला. मग डानानं टेबलावर दोन पौंड ठेवले. टॅक्सीचे अर्धे माझे, म्हणाली, जमतील तसे देईन.

"अगं, चूक माझी. तुझे पैसे कसले?"

"बेडूक देताना तुम्ही मला काही विचारलं नाही," डाना म्हणाली. "आता मी देताना तुम्ही काही विचारू नका."

ताईंनी पैसे उचलून स्क्रूच्या डब्यात टाकले आणि मराठीत मला म्हणाल्या, "घ्यायलाच हवेत. नाहीतर ही पुन्हा टेबलाशी येणार नाही."

डाना कधी पौंड, कधी दोन, कधी बरेच दिवस काहीच नाही, असं देत राहिली. ताईंनी कधी आठवण केली नाही.

मागच्या हिवाळ्यात ताई गेल्या. छातीत दुखतंय म्हणाल्या आणि दोन दिवसांत सगळं संपलं. टेबल बंदच होतं. मग एकदा केतकीचा फोन आला. "मंदाकाकू, शनिवारी सुरू करू या का? कार्डावर कोणाचा नंबर घालू?"

फोन वाजला तरी मी तो उचलायचं टाळते. तरी म्हणाले, "माझा घाल."

त्या शनिवारी डाना आली. बाळ आता चालत होतं. त्यानं स्वतःच्या हातानं बेडूक माझ्यापुढे धरला, आणि लगेच दुसऱ्या हातानं एक लाल ट्रक उचलला. मी बेडूक कानाशी धरून हलवला. काही वाजलं नाही. स्क्रू ओढून बघितला, घट्ट होता. कार्ड बांधलं आणि म्हणाले, "चला, याची बदली झाली." मोठ्यानं म्हणाले. केतकीनं मान वर केली.

डानानं माझ्या तळहातावर टॅक्सीच्या पैशांतली उरलेली दोन नाणी ठेवली.

"फिनिश्ड?" तिनं विचारलं.

मी पैसे डब्यात टाकले आणि तिच्या तोंडाकडे बघून म्हणाले, "फिनिश्ड."