एसीच्या पाण्यावरचा लव्हाळा

शारजाला आल्यापासून मी म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर आलेली बायको. पुण्यातली चांगली नोकरी सोडून आले, हे सांगणंही मी पुढे सोडून दिलं. म्हणून आमच्या कंपाउंडचा मॅनेजर जेव्हा म्हणाला, की हे लॉन फार पाणी पितं, तुम्ही दारापुढच्या पट्ट्यात दुसरं काही लावून दाखवा, ते उन्हाळ्यात टिकलं तर सगळ्या कंपाउंडचं काम तुम्हाला, तेव्हा मी हुरळूनच गेले.

शोभेचा लव्हाळा लावला. बारीक, झुकलेली पाती. भिंतीच्या सावलीत, वर खडी पसरून. पाणी एसीचं. नळीतून ठिबकणारं बादलीत धरायचं आणि ऊन उतरलं की बुंध्याशी घालायचं. नवरा हसायचा, गवताचं बाळंतपण करतेय म्हणायचा. ऑगस्टात शेजारचं लॉन करपलं, माझा लव्हाळा उभा. मॅनेजर बघून खूश झाला. रविवारी मालकाला आणतो म्हणाला, इन्शाल्ला.

त्याच आठवड्यात सासरे आले. जन्म शेतीत गेलेला, स्वस्थ बसवतंय कुठे! शनिवारी मी भाजी घेऊन परतले, तर पट्टा उघडाबोडका. सासरे घामाघूम, चेहऱ्यावर केवढं समाधान. हातातली एक काडी बोटांत फिरवून त्यांनी मला दाखवली.

"काडीला तीन कडा आहेत बघ. मोथाच हा. सगळं रान खातो मेला, मातीत एक गाठ राहिली तरी पुन्हा उगवतो. मुळासकट काढलाय."

कचऱ्याची गाडीसुद्धा येऊन गेली होती. मी तोंड उघडलं, तर नवऱ्यानं डोळ्यांनी दटावलं. जेवताना बापाचं कौतुक केलं आणि स्वयंपाकघरात येऊन मला हळूच म्हणाला, "गवतच होतं ना? या वयात बाबांना कशाला दुखवायचं?"

माझं काय, हे त्याला विचारावंसंही वाटलं नाही. त्याचा राग मला सासऱ्यांपेक्षा जास्त आला, आणि अजून आहे.

रविवारी मालक आला, माती बघून गाडीत जाऊन बसला. मॅनेजर म्हणाला, "खलास, मॅडम." मग तिथे प्लॅस्टिकचं लॉन आलं.

सुनेची बाग साफ करून दिली, असं सासरे पुण्यात अजून सांगतात. ते प्लॅस्टिक अंथरेपर्यंत मी त्या उघड्या मातीला रोज एसीचं पाणी घालत होते. मोथा असता, तर उगवला असता.